तीन चढांपलीकडं

रविवारी नीट उजाडायच्या आत आमच्या घरापुढून सायकली जातात. डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट कपडे, सीटखाली लाल दिवा लुकलुकतोय. कल्याण, डोंबिवली, ठाण्याची ही माणसं. बदलापूर गाव ओलांडून मुळगावच्या अंगानं बारवी धरणाच्या रस्त्याला लागतात. त्यातली चार-पाच जणं आमच्या पडवीत पाण्याला थांबतात. पहिल्यांदा थांबली तेव्हा एकानं विचारलं, "काका, मुरबाडपर्यंत चढ किती?"

मी म्हटलं, "माझ्या मोजणीत तीन."

"किती किलोमीटरवर?"

ते काही मला सांगता येईना. सपाटीवरचा मैल आणि चढावरचा मैल एक नसतो. कर्जतचा रस्ता घ्या. वांगणी, शेलू, नेरळ, सगळा रेल्वेच्या कडेकडेनं जातो. उन्हाचा त्रास सोडला तर म्हातारं माणूसही गप्पा मारत जाईल. तेवढंच अंतर धरणाच्या जंगलात काढायचं म्हटलं तर मांड्या भरून येतात. चढ, लगेच उतार, श्वास जाग्यावर येतो न येतो तोच पुन्हा चढ. म्हणून मी चढ मोजतो. ही मोजणी मला आक्काच्या गावानं शिकवली.

आक्का माझी थोरली बहीण. तिला दिली बारवीच्या पलीकडच्या अंगाला, रानातल्या एका छोट्या गावात. ती नांदायला गेली तेव्हा धरण होतंच, पण पाणी खाली लांब होतं. तिच्या अंगणातून ते चांदीच्या तारेसारखं दिसायचं. एस.टी.चा भरवसा नव्हता. चालत जायचं तर अर्धा दिवस मोडायचा.

1976 साली मी दहावी झालो. पुढं शिकायची ऐपत नव्हती. बाबांनी दोन म्हशी घेतल्या आणि दूध घालायला मला सायकल घेऊन दिली. उल्हासनगरातनं, जुनी, 140 रुपयांना. उल्हासनगर नाव 1949 साली पडलं, पण आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. फाळणीनंतर सिंधी माणसं तिथल्या लष्करी बराकीत येऊन राहिली आणि बघता बघता त्यांनी बाजार उभा केला. मोडलेली वस्तू नवी करायची त्यांची हातोटी. ज्याच्याकडनं सायकल घेतली त्या म्हाताऱ्यानं चाक फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "पुत्तर, गाडी पुरानी है, चेन नयी है. चेन को तेल देना, ये तेरे को रोटी देगी."

तसंच झालं. पहाटे चारला निघायचं. कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन. बदलापूर, मग अंबरनाथ. विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना तिथंच. वालधुनीकाठचं काळ्या दगडाचं शिवमंदिर एरवी दुरून नमस्कार करून जायचो, श्रावणी सोमवारी मात्र आत. तिथल्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060, हे मला फार उशिरा कळलं. त्या वयात देवळापेक्षा कॅन डचमळतोय का याकडं लक्ष.

आमच्या सायकलीला पुढं चव्वेचाळीस दात, मागं अठरा. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे घेतं. सपाटीला झकास. पण चढाला तोच अडीच फेऱ्यांचा हिशेब छातीवर बसतो. दुसरा गियर नाही. मग उभं राहून सगळं अंग पायडलवर टाकायचं, नाहीतर उतरून हँडल धरून चालायचं. उताराला सळईचे ब्रेक. रबर तापलं की पकड सुटते, म्हणून मी एकसारखा ब्रेक दाबून धरत नसे. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. पावसात तर देवाचं नाव.

भाऊबीजेला मात्र दूध लवकर आटपून आक्काकडं. कॅरियरला साडी, नारळ, आईनं दिलेली करंज्यांची पिशवी. पहिला चढ धरणाजवळचा. दुसरा सागाच्या रानातला. हा लबाड, संपला वाटतो आणि वळणावर पुन्हा उठतो. तिसरा आखूड पण खडा. त्याच्या माथ्यावर रस्ता फुटायचा, मोठा मुरबाडकडं आणि बारका डाव्या हाताला आक्काच्या गावात. तिथनं तिच्या घराची कौलं दिसायची. मी घंटी वाजवायचो. ऐकू जायची नाही, तरी वाजवायचो.

आक्का पाय धुवायला पाणी द्यायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या चढाला उतरलास रं?"

"एकाही नाही."

ती माझ्या चपलांकडं बघायची. तांबड्या धुळीनं भरलेल्या. सायकलवर बसून आलेल्या माणसाच्या चपला इतक्या भरत नाहीत. काही बोलायची नाही, पदरानं तोंड झाकून हसायची.

1982 च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप झाला. आमचा थोरला दादा गिरणीत होता. चार महिने वाट बघून तो बायकापोरांसह घरी आला. घरात खाणारी तोंडं वाढली, एक म्हैस आटली. भाद्रपदात मी सायकल विकली. बाबा म्हणाले होते, माझी अंगठी विकू. मी ऐकलं नाही, तरणेपणाची मिजास होती. पुढं दिवाळी आली. साडी नाही, सायकल नाही. चालत जाता आलं असतं. पण तीन चढ चालत चढून रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात उभं राहायचं, हे मनाला पटेना. आईला सांगितलं, ताप आहे. गोधडी घेऊन दिवसभर पडून राहिलो.

त्या दिवशी आक्कानं दिवे लागेपर्यंत ताट तसंच ठेवलं होतं. मेहुण्यांनी जेव म्हटलं तरी जेवली नाही. शेवटी चंद्राला ओवाळलं. हे मला तिच्या सासूनं पुढच्या वर्षी सांगितलं. आक्का एवढंच म्हणाली, "साडीची वाट बघत नव्हते मी. चालत आला असतास."

दुसरी सायकल घेतली 1984 ला. त्यानंतर एकही भाऊबीज चुकवली नाही. पण ती एक चुकलेली काही भरून निघाली नाही.

मग धरणाची उंची वाढत गेली. चांदीची तार रुंद झाली, शेताच्या बांधाला लागली. 2019 च्या पावसात धरण नव्या उंचीनं भरलं. साठा जवळजवळ 340 दशलक्ष घनमीटर, असं पेपरात आलं. अंबरनाथचे कारखाने, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, सगळीकडं हे पाणी जातं. लाखो माणसं पितात. त्यांनी प्यावं, पाण्याशी माझं भांडण नाही. फक्त कॅम्पात कुणाकडं गेलो आणि त्यांनी पेला पुढं केला की मला आक्काचं अंगण आठवतं. तिथं तुळस होती आणि एक रायवळ आंबा होता.

आक्का आता लेकाकडं मुरबाडला असते. मेहुणे गेले. तिच्या डोळ्यांना कमी दिसतं. मी भाऊबीजेला जायचो, पण मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून. तासाभरात जाणं, ओवाळून घेणं, संध्याकाळी परत. आक्का चढाचं विचारायची बंद झाली. विचारणार तरी काय?

मे महिन्यात त्या रविवारच्या सायकलवाल्यांपैकी एक मुलगी मोबाईल घेऊन आली. म्हणाली, "काका, नकाशात इथून डावीकडं एक रस्ता दाखवतोय आणि तो थेट पाण्यात जातोय. चुकलाय का?"

मी बघितलं. "नकाशा बरोबर आहे. रस्ता पाण्यात गेलाय."

मी माझी सायकल काढली आणि त्यांच्याबरोबर गेलो. तिनं तिची सायकल मला थोडी चालवायला दिली. दांडीवरची कळ दाबली की साखळी मागच्या मोठ्या दात्यावर चढते आणि पाय हलका होतो. चढाला चिरीमिरी दिल्यासारखं वाटलं! तरी दुसऱ्या चढाला त्यांच्यातला एक जाडसर गृहस्थ तोंड लाल करून धडपडत होता. उतरायला तयार नाही, बाकीचे बघतील म्हणून. मी म्हटलं, "साहेब, उतरा. मी पण उतरतो." दोघं चालत वर गेलो. मोहाच्या झाडाखाली दम खाल्ला.

तिसऱ्या माथ्यावरनं बारका रस्ता खाली गेला. दोन वळणं, आणि डांबर सरळ पाण्यात शिरलेलं. उन्हाळ्यानं पाणी उतरलेलं, म्हणून पुढं वाळलेल्या गाळातनं एक जोतं वर आलं होतं. कुणाचं ते ओळखू येईना. मुलीनं विचारलं, "आता कसे जाता त्यांच्याकडे?" मी म्हटलं, "पोराच्या गाडीवर." सांगताना आवाज बारीक झाला.

यंदाच्या भाऊबीजेला मी सायकलनं निघालो. घरात आरडाओरडा झाला. "चौसष्ट वय, गुडघे बघा." मुलगा म्हणाला, "मी मागनं गाडी घेऊन येतो." म्हटलं, ये, पण मागनंच. साडी, नारळ, करंज्या कॅरियरला बांधल्या. गारवा होता, भात कापून झालेला, रस्त्याकडेला उडव्या रचलेल्या. तिसऱ्या माथ्यावर थांबून घंटी वाजवली. खाली पाणी काठोकाठ भरलेलं.

मुरबाडला पोचेपर्यंत दुपार झाली. आक्का ओट्यावर बसली होती. दिसलं नसेल, पण सळईच्या ब्रेकची खडखड ऐकून मान वर केली. सून पाणी घेऊन आली, तर आक्कानं तांब्या तिच्या हातातनं घेतला आणि माझे पाय चाचपले. बोटं चपलेवरनं फिरली, धूळ लागली.

"कुठल्या चढाला उतरलास रं?"

"तिन्ही."

पदर तोंडाला लावून आक्का हसली आणि सुनेला म्हणाली, "ताट आण."