पांढऱ्या सुटाची बटणं

राऊल पेराल्ताला बटणं अचूक हवी आहेत. पांढऱ्या सुटाच्या विजारीला किती बटणं असतात, हे तो थिएटरात पुन्हा पुन्हा जाऊन डोळ्यांत साठवतो. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' लागलेला असतो. पडद्यावर जॉन ट्रॅव्होल्टा टोनी मनेरो होऊन नाचतो आणि अंधारात बसलेला राऊल ते परक्या भाषेतले संवाद त्याच्याबरोबर पुटपुटत राहतो. वय 52. गाल बसलेले, आणि डोळ्यांत ओलावा कसला तो नाहीच.

पाब्लो लाराईन या चिलीच्या दिग्दर्शकाचा 'टोनी मनेरो' 2008 साली आला. आल्फ्रेदो कास्त्रोने राऊल असा उभा केलाय की नजर हटवावीशी वाटते आणि हटत नाही. काळ 1978, गाव सांतियागो. राष्ट्राध्यक्ष आयेंदेंचं सरकार उलथून जनरल पिनोशेंच्या लष्कराने सत्ता घेतली त्याला पाच वर्षं होत आली आहेत. रात्री संचारबंदी, दिवसा रस्त्यांवर सैनिक. टीव्हीवर मात्र करमणूक जोरात चाललेली. त्यातल्याच एका कार्यक्रमात हुबेहूब टोनी मनेरो कोण दिसतो याची स्पर्धा आहे, आणि राऊलच्या आयुष्यात त्यापलीकडे दुसरं काही उरलेलं नाही.

रस्त्यात चोरट्यांनी लुबाडलेल्या एका म्हातारीला तो आधार देऊन घरी पोहोचवतो. तिच्याकडे रंगीत टीव्ही आहे. टीव्ही बघता बघता ती सहज बोलून जाते, जनरल पिनोशेंचे डोळे निळे आहेत म्हणून. आणि तो तिला मारतो. ठोसे घालून, जीव जाईपर्यंत. ना कपाळावर आठी, ना तोंडातून शब्द. मग तिच्या मांजरीला खायला घालतो आणि टीव्ही उचलून चालू लागतो. खुनापेक्षा त्या मांजरीच्या खाण्याने माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे भूक त्याला कळते, दुसऱ्याची काळजी कशी घ्यायची तेही कळतं. फक्त माणूस मेला याचं त्याला काही वाटत नाही.

पुढेही हेच. नाचाच्या फरशीसाठी काचेच्या विटा हव्यात, तर भंगारवाल्याचा बळी. थिएटरात त्याचा सिनेमा काढून 'ग्रीज' लावतात, तर ऑपरेटरचा जीव जातो आणि रिळं राऊलची होतात. फुटबॉलवर आरशाचे तुकडे चिकटवून तो दिव्यांचा गोळा बनवतो. ते काम करताना त्याच्या बोटांत जी एकाग्रता असते, ती एखाद्या निष्ठावंत कारागिराची वाटावी. वेड हे असं दिसतं. त्यात आरडाओरडा नसतो.

सिनेमाभर एकही पोलीस या खुनांचा माग काढत येत नाही. पोलीस येतात ते शेवटाकडे, राऊल राहतो आणि नाचतो त्या खाणावळीत, आणि तेही पत्रकं शोधायला. त्याच्याबरोबर नाचणारा तरुण गोयो पिनोशेंविरुद्धची पत्रकं वाटत असतो. पांढरा सूट शिवून तोही स्पर्धेला निघालेला, म्हणून राऊलने त्याच्या कपड्यांवर आधीच घाण करून ठेवली आहे. आता खाणावळीतली माणसं गुप्त पोलिसांच्या तावडीत सापडतात आणि खुनी मागच्या मागे निसटून स्पर्धेला पोहोचतो. हुकूमशाही म्हणजे नेमकं काय, हे मला या प्रसंगाइतकं स्पष्ट कुठल्याच भाषणाने सांगितलेलं नाही. तिथे कागद हा गुन्हा असतो आणि प्रेताची चौकशी होत नाही.

लाराईनने 1978 हेच साल घेतलं, ते मला फार बोलकं वाटतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिनोशे राजवटीने माफीचा हुकूम काढला. 11 सप्टेंबर 1973 पासून 10 मार्च 1978 पर्यंतच्या गुन्ह्यांवर त्याने पांघरूण घातलं. आणि वर्ष संपता संपता, नोव्हेंबरात, सांतियागोजवळच्या लोंकेनमध्ये चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत 15 माणसांचे अवशेष सापडले. 1973 च्या ऑक्टोबरात त्यांना पोलिसांनी धरून नेलं होतं. बायका-मुलं पाच वर्षं त्यांची वाट बघत होती.

स्पर्धेत राऊल दुसरा येतो. पहिला आलेला माणूस बायकोसोबत बसमध्ये चढतो, पाठोपाठ राऊल चढतो, आणि सिनेमा तिथेच थांबतो. पुढचं दाखवलं नाही हे योग्यच झालं. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याला कुणी अडवणार नाही हेही. ज्यांच्या राजवटीत हे सगळं घडतं, ते आउगुस्तो पिनोशे 10 डिसेंबर 2006 रोजी सांतियागोत वारले. वय 91. त्यांच्यावर खटले दाखल होते. एकाही गुन्ह्यात ते दोषी ठरले नाहीत.