बुडीत खातं

आमच्या घरात बुरशी या विषयावर अधिकारवाणीने बोलणारी एकच व्यक्ती : आमची ही. ब्रेडवर हिरवा ठिपका दिसला, की ब्रेड आणि तो आणणारा (म्हणजे मी) दोघांचीही हकालपट्टी होते. अशा घरात मी एके दिवशी रोख पैसे मोजून बुरशीची पुडी घेऊन आलो.

कारण नाना. नारायणगावाकडची जमीन विकून त्यांना पुण्याच्या फ्लॅटात आणलं, तेव्हापासून गच्चीवरचे चार निळे ड्रम हेच त्यांचं शिवार. त्यांत टोमॅटोची आठ रोपं. ती गुडघ्याएवढी झाली आणि एकेक मान टाकू लागली. बुंध्याशी कापसासारखी पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. सहावं रोप गेलं त्या दिवशी नाना गच्चीवर गेलेच नाहीत. "गुडघा दुखतोय," म्हणाले. नानांचा गुडघा मी चाळीस वर्षं ओळखतो. तो दुखत नव्हता.

कृषी सेवा केंद्रातल्या पोराने पुडी पुढे केली. ट्रायकोडर्मा. "ही चांगली बुरशी, साहेब. वाईट बुरशीला खाते."

मी पडलो बी. कॉम. एका थकबाकीदारावर दुसरा सोडून वसुली होते, हे आम्हाला शिकवलेलं नाही. पण घरी येऊन वाचलं, तर १९३२ सालीच वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने ही बुरशी दुसऱ्या बुरशीवर कशी जगते ते दाखवलेलं! ती शत्रूच्या तंतूंना वेढे घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि आतला माल फस्त करते. १९७२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात टोमॅटोवरची हीच पांढरी बुरशी तिने आटोक्यात आणली होती.

मी पुडी ड्रमांत ओतली. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी, जादा तारण असावं म्हणून, वरून कार्बेन्डाझिमचं पाणीही ओतलं. हे बुरशीनाशक. आपली कोण, परकी कोण, ते त्याला कळत नाही. ट्रायकोडर्मा तर त्याने चटकन मरते. म्हणजे रखवालदार नेमला आणि मीच त्याला गोळी घातली. सातवं रोप गेलं.

"आधी शेणखतात मुरव की रे," नाना म्हणाले. "विरजणाशिवाय दही लागतं का?" पुडीच्या मागे हेच छापलं होतं. पण बँकेतला माणूस बारीक अक्षरं दुसऱ्याला सही करायला देतो, स्वतः वाचत नाही. शिवाय मेलेलं रोप काही तिने उठत नाही. हा विमा आहे. हप्ता आधी भरावा लागतो.

मग जुनी रोपं मातीसकट, दाण्यांसकट काढली. ड्रमांत नवी माती भरली. ओलसर शेणखतात पुडी मिसळून घमेलं गच्चीवर सावलीत, गोणपाटाखाली ठेवलं. सातव्या दिवशी कपडे वाळत घालायला गेलेल्या हिने गोणपाट उचललं. खाली हिरवीगार बुरशी!

"अहो, मी हे फेकून देतेय!"

गुडघेदुखीवाले नाना दोन जिने धावत चढले. "सूनबाई, हात लावू नकोस!"

नव्या आठ रोपांतलं एक बुडीत खाती गेलं, सात तगली. पहिल्या तोडणीला अडीच किलो टोमॅटो निघाले. नाना आता सकाळी सहालाच वर असतात.

परवा ब्रेडवर पुन्हा हिरवा ठिपका निघाला. हिने तो नानांपुढे धरला. "नाना, ही चांगली की वाईट?"

नानांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"ही तुझ्या नवऱ्याने आणलेली," म्हणाले. "टाक."