आजच्या दिवसाचा नियम



मद्य, मांस, मधु यांचा त्याग आपल्याला लहानपणीच शिकवतात. सप्तव्यसनांची नावं पाठशाळेतल्या मुलींनाही पाठ असतात. पण त्यामुळेच एखाद्या घरात बाटली आलीच, तर ते बोलायचीही सोय राहत नाही. "जैनाच्या घरात दारू?" असं कुणी म्हणण्याआधीच बाई दार लावून घेते. माझ्या धाकट्या जावेनं अशी सहा वर्षं काढली. तिला विचारूनच लिहिते आहे. गाव मुद्दाम सांगत नाही.

दशलक्षण पर्वात भावजींनी महाराजांसमोर आजन्म त्याग घेतला. सासूबाईंचे डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले, घामानं अंग भिजलं, भिंतीवर किडे चालताना दिसू लागले. रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं प्रत्येकीनं ध्यानात ठेवावं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम सोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दिवाळीपर्यंत ते पुन्हा प्यायले. दारूपेक्षा व्रत मोडल्याची लाज मोठी होती. मंदिरात जाणं बंद झालं, आणि लाज वाटली की पुन्हा बाटली.

त्याच डॉक्टरांनी दोन सभांबद्दल सांगितलं. एक पिणाऱ्यांची, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांच्या आधारानं सावरले, तिथून ती सुरू झाली. दुसरी घरच्यांची, अल-अनॉन. त्या दलालाच्या पत्नीनं, लोइस यांनी, एका मैत्रिणीबरोबर 1951 साली ती उभी केली. दोन्हीकडे फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही.

भावजी म्हणाले, "मी काय दारुड्या आहे?" विषय संपला. मग जाऊ मला म्हणाली, "अक्का, मीच जाऊ का? पण मी कुठं पिते?"

आम्ही दोघी गेलो. शाळेचा एक वर्ग, मुलांच्या बाकांवर नऊ-दहा बायका. एक हवालदाराची बायको, एक शिक्षिका, एक आजी, जिचा मुलगा पितो. एकीनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये कुणी सल्ला देत नाही. (आपल्या भिशीत हे जमेल का, असं माझ्या मनात आलंच.) तिथलं बोलणं तिथंच राहतं. चहा आला तेव्हा दिवस मावळला होता, आम्ही नको म्हटलं. कुणी आग्रह केला नाही की कारणही विचारलं नाही.

तिथं एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडते. त्याचं पिणं तू सुरू केलेलं नाहीस, तुला ते आवरता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही. जाऊ इतकी वर्षं म्हणायची, माझंच काही पूर्वकर्म. खरं तर प्रत्येक जीव आपल्याच कर्माचा कर्ता आणि भोक्ता, हे आपण स्वाध्यायात किती वेळा ऐकलंय! पण ते नवऱ्याच्या बाटलीला लावून बघायला तिला तो वर्ग लागला. तिनं बाटल्या शोधणं सोडलं. सकाळी दुकानातल्या माणसाला "त्यांना ताप आहे" म्हणून फोन करणं सोडलं. रात्री ती जेवून, सामायिक करून झोपू लागली.

चार महिन्यांनी भावजींनीच विचारलं, "दर शनिवारी कुठं जाता?" मग ते एएच्या खुल्या सभेला गेले. तिथं त्यांना आजन्म काहीच मागितलं नाही. आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच. आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात ठरावीक काळाच्या त्यागाला नियम म्हटलंय आणि आयुष्यभराच्या त्यागाला यम. भावजींना यम पेलला नव्हता. चोवीस तासांचा नियम पेलतो. मध्ये एकदा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी सभेत जाऊन त्यांनी सांगितलं, आणि मोजणी पुन्हा एकपासून. आता चौदा महिने झाले आहेत.

तिथल्या प्रार्थनेत देवाचं नाव येतं, म्हणून काहीजणी बिचकतात. आपण कर्ता ईश्वर मानत नाही, हे खरं. पण ज्याला जसा उमगेल तसा, अशी तिथं मोकळीक आहे. भावजी त्या वेळी मनात णमोकार म्हणतात.

शोधायचं कसं, तर एए आणि अल-अनॉन दोन्हींच्या भारतातल्या संकेतस्थळांवर सभांची माहिती मिळते. ऑनलाइन सभाही असतात. गावात ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असलेल्यांना त्या बऱ्या. सरकारची व्यसनमुक्तीची 14446 ही मोफत फोनसेवा आहे. पुण्याजवळच्यांसाठी 1986 पासून चालू असलेलं मुक्तांगण आहे, तिथं पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा तयार होण्याची वाट बघू नका, तुम्ही आधी जा. पहिल्या दिवशी एकटीला जड वाटलं तर मला निरोप पाठवा, निघण्याआधी फोनवर बोलू.