हॉलंडचा तेलगोळा
हॉलंडमध्ये पानगळ सरली की चौकाचौकांत टपऱ्या उभ्या राहतात आणि गार हवेत कढत तेलाचा वास दरवळू लागतो. तेथे मिळतो तो ‘ओलीबोल’, म्हणजे शब्दशः तेलगोळा! खाद्य जुनेच, आल्बर्ट कॉइपच्या १६५२ च्या सुमाराच्या चित्रातही एका मोलकरणीजवळ भांडेभर तेलगोळे आहेत.

एरवी रस्त्यावर खायचा हा पदार्थ ३१ डिसेंबरला घरोघर तळला जातो. मैदा, कोमट दूध, यीस्ट, अंडे, मीठ नि बेदाणे एकत्र कालवायचे. तासाभरात पीठ दुप्पट फुगते. मग दोन चमच्यांनी गोळे तेलात सोडायचे. तेल १८० अंशांवर हवे. निवले तर गोळा तेल पितो, फार तापले तर बाहेरून करपून आत कच्चा राहतो. वर पिठीसाखर भुरभुरली की झाले. घरात वास कोंडू नये म्हणून कित्येक जण तळणी अंगणात मांडतात.

टपरीवर आयते मिळत असता एवढा खटाटोप कशाला? कारण टपरीवर चार घेता येतात. घरी मात्र चारांसाठी कोणी तेल तापवत नाही. पीठ भिजवले की तीस-चाळीस होतातच, आणि तेवढे झाले की ताटली घेऊन शेजाऱ्याचे दार वाजवावे लागते.

फराळाची ताटे झाकून शेजारी धाडणाऱ्या आपल्याला हे नवे नाही. पण आपणही आता फराळ विकत आणू लागलो आहोत, आणि मोजून आणलेल्या डब्यात शेजाऱ्याचा वाटा सहसा धरलेला नसतो.