नियत मनाची, शुक्र हाताचा

मराठीत 'नियती' वेगळी आणि 'नियत' वेगळी. नियती संस्कृतातली, ती आपल्या हाती नाही. नियत अरबीतून आली, ती मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. 'जशी नियत तशी बरकत' असे माळकरी शेतकरी म्हणतो, तसे आम्ही बागवानही म्हणतो. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता कुणी 'लाभ' म्हणे, कुणी 'बरकत'. मोजणी सुरू होण्याआधी देणाऱ्याची आठवण, असा त्यातला भाव.

इमाम बुखारींच्या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस नियत याच विषयावर आहे. कामाचे मोल ते कोणत्या हेतूने केले यावर ठरते, हे तिचे सार. आजारपणामुळे दिवसभर अन्नाचा कण पोटात गेला नाही, तर तो रोजा होत नाही. उपाशी तोही आणि रोजेदारही, फरक मनातला. देशावरचे आम्ही बहुतेक हनफी, कोकणातले आमचे भाईबंद शाफी. त्यांच्याकडे वजूलाही नियत लागतेच. आमच्याकडे तिच्यावाचून वजू होतो, पण सवाब हवा असेल तर नियत हवी. रमजानच्या रोज्याची नियत ते रात्रीच करतात, आम्हाला दुपारच्या आधीपर्यंत मुभा आहे. पण नियतची जागा मन आहे, यावर दोघांचेही एकमत आहे.

मग प्रश्न उरतो तो मनाच्या भाषेचा. आमच्या घरात दखनी आणि अंगणात मराठी. रमजानच्या छापील वेळापत्रकावर रोज्याची अरबी नियत असते, ती मुले पाठ करतात. आमच्या दादीला ती कधी पाठ झाली नाही. सहेरीचा शेवटचा घोट घेऊन ती म्हणे, "अल्ला, कल भी रोजा रखी थी, आज भी तेरे वास्ते रखती." शेजारच्या एका बाईंनी तिला टोकले, "अहो आपा, अरबीत नाही म्हटलं तर रोजा होतो का?" दादी हसून म्हणाली, "जिसके वास्ते रखती, उसकू समजता." १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण सांगत आलो आहोत की मराठी आमचीही भाषा आहे. ती कथाकवितेची असेल, तर नियतची का नसावी? अरबी पाठांतराला आमचा विरोध नाही. पण अर्थ न कळता उच्चारलेली नियत हळूहळू सवय होते, आणि सवयीला हेतू नसतो.

अब्बांची नियत आम्ही आठवडी बाजारात पाहिली. पहिल्या विक्रीला ते इतरांसारखेच 'भवानी' म्हणत आणि पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकत. पाटीत वर चांगले पेरू आणि खाली डागी, ही बाजारातली जुनी रीत. अब्बा डागी माल वेगळा काढून कमी भावाने विकत. कुराणात माप मारणाऱ्यांच्याच नावाची एक सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. अब्बांना नमाजची नियत आणि तराजूची नियत अशा दोन नियती ठाऊकच नव्हत्या.

दिवसाची सुरुवात नियतने होते, तर शेवट शुक्रने व्हावा. 'अल्हम्दुलिल्लाह' आपल्या तोंडी सतत असते, जेवल्यावर, शिंकल्यावर, कुणी ख्यालीखुशाली विचारल्यावर. इमाम गझाली (निधन इ.स. ११११) यांनी शुक्रचे तीन भाग सांगितले: देणारा कोण हे जाणणे, त्याने मन आनंदणे आणि त्या देणगीचा योग्य वापर करणे. म्हणजे नुसत्या जिभेवर शुक्र पुरा होत नाही. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही मानत नाही, ही तर पैगंबरांची शिकवण.

आता रमजानमधले घर पाहा. सहेरीसाठी सर्वांआधी बाई उठते. भाकऱ्या थापते, सालन गरम करते, एकेकाला उठवते आणि स्वतः शेवटच्या पाच मिनिटांत दोन घास खाते. संध्याकाळी तिचाही रोजाच असतो, तरी भजी तळते तीच. अजान होते, सगळे खजूर उचलतात, अल्लाहचा शुक्र होतो. तिचा कोण करतो? तरावीहहून परतणाऱ्या पुरुषाची इबादत मोहल्ल्याला दिसते, हिची चुलीपाशीच राहते. घरच्यांना जेवू घालण्यातही नियत असेल तर सवाब आहे, असे आपण व्याजनात ऐकतो. पण तिचा सवाब अल्लाहवर सोपवला म्हणून घरच्यांचे देणे फिटत नाही.

दादीच्या शेवटच्या रमजानांत आम्हा भावंडांत एक रीत पडली. इफ्तारनंतरची भांडी मुलगे घासत आणि दादी, अम्मी मगरिबची नमाज सावकाश पढत. दादी गेली, रीत राहिली. आता आमची मुले घासतात.

दिवसाला हेतू द्यायला फार मोठे काही लागत नाही. सकाळी उठल्यावर स्वतःच्या भाषेत एक वाक्य: आजचा दिवस कशासाठी, कुणासाठी. रात्री निजताना एक हिशोब: आज कुणाच्या हातून काय मिळाले, आणि त्या हातांचे ओझे आपण किती उचलले. उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर घासायची भांडी अजून मोरीत असतीलच.