भाषेची चाल आणि गणिताचा गज

परक्या भाषेंतील एकही शब्द कळत नसतां तिच्याविषयीं निकाल देण्याची घाई मनुष्यास फार असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत मराठी, गोंडी व तेलुगु एकाच बाजारांत कानीं पडतात. आणि ‘तेलुगु धांवते’, ‘गोंडी तुटक वाटते’, ‘झाडीबोलीला हेल फार’ असे शेरे आम्हां सुशिक्षितांच्या तोंडीं सदैव असतात. शेरा निरुपद्रवी दिसतो; पण तोच शाळेंत शिरला म्हणजे लेंकरास भोंवतो.

हा मोह पंडितांसही आवरला नाहीं. आर्थर लॉइड जेम्स यांनीं १९४० मध्यें कांहीं भाषांच्या चालीस यंत्रबंदुकीची, तर इंग्रजीच्या चालीस तारायंत्राची उपमा दिली. १९६७ मध्यें ॲबरक्रॉम्बी यांनीं तेलुगु व फ्रेंच एका पंक्तीस, इंग्रजी व अरबी दुसऱ्या पंक्तीस बसविल्या. पहिलींत अक्षरें सारख्या अवकाशानें येतात, दुसरींत आघात, असा त्यांचा सिद्धांत. यंत्रानें काळ मोजूं जातां मात्र अवकाश सारखे आढळेनात. तेव्हां १९९९ मध्यें रामूस, नेस्पोर व मेलर यांनीं निराळा हिशेब मांडला: वाक्याच्या एकंदर काळांत स्वरांचा वांटा किती, आणि व्यंजनसमूहांच्या लांबींत चढउतार किती. आठ भाषांच्या आंकड्यांत जुन्या पंक्ती पुन्हां दिसूं लागल्या. परंतु २०१२ मध्यें अर्वानीती यांनीं सहा भाषा तपासल्या, तेव्हां वक्ता किंवा वाक्य बदलतांच आंकडेही बदलले.

मग चाल हा केवळ भ्रमच काय? तसेंही नव्हे. १९९८ मध्यें फ्रान्समधील नवजात अर्भकांस शब्द अस्पष्ट करून ऐकविले असतांही इंग्रजी व जपानी यांतील भेद कळला. इंग्रजी व डच यांतील कळला नाहीं. चाल शब्दांच्या आधीं अंगीं बाणते ती अशी.

आतां भामरागडकडील एखादें माडिया लेंकरूं घ्या. त्याची गोंडी द्राविड कुळांतील, तेलुगूची आप्त. तींत स्वर ऱ्हस्व कीं दीर्घ यावरून शब्दाचा अर्थ पालटतो. आमच्या बोलण्यांत ‘इ’ व ‘ई’ यांचा भेद बहुतांशीं लेखनापुरताच उरला आहे. तें लेंकरूं मराठी वाचतांना एखादा स्वर जपून लांबवील, तर त्याचा कान मंद नव्हे, आमच्याहून दक्ष म्हणावा लागेल. आम्हीं महाविद्यालयांत आयुष्यभर इंग्रजी शिकविली. तींत आमची मराठी चाल उमटते, आणि तीस कोणीं दोष म्हटलें तर आम्हांस राग येतो. तो राग त्या लेंकरानें कोणापुढें काढावा?

संख्याशास्त्रास आमचा विरोध नाहीं. गोंडीचीं व झाडीबोलीचीं मापें अवश्य घ्यावींत. मात्र एका वक्त्याच्या दहा वाक्यांवरून साऱ्या जमातीची चाल ठरवूं नये. म्हातारीं, पोरें, बाजारांतलें भांडण, चुलीपुढची गोष्ट, सर्व त्यांत यावें. तोंपर्यंत शाळेंत शेरा राखून ठेवलेला बरा.