मुंग्यांच्या 'जाती'चा दाखला आम्हाला देऊ नका

गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "दादा, मुंग्या-मधमाश्यांतही जाती असतात असे पुस्तकात आहे. वर्गातली मुले म्हणतात, मग जात निसर्गानेच केली ना? मी काय उत्तर देऊ?"

प्रश्न आमच्यासाठी नवा नव्हता. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही प्राणिशास्त्र विभागातला प्राणी-वर्तनाचा पेपर ऐच्छिक विषय म्हणून घेतला होता. एके दिवशी फळ्यावर 'कास्ट' हा शब्द आला आणि त्याखाली राणी, कामकरी, सैनिक अशी विभागणी. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "बघा, तिथे आरक्षण नाही म्हणून सगळे नीट चालते." वर्ग हसला. शिकवणारेही हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. आम्ही मान खाली घालून वहीत लिहीत राहिलो. त्या गप्प बसण्याची लाज अजून गेलेली नाही. त्या दिवशी न दिलेले उत्तर आज देत आहोत.

आधी शब्दाचा प्रवास पाहू. 'कास्ता' हा पोर्तुगीज शब्द, अर्थ वंश किंवा कुळी. पोर्तुगीज भारतात आले आणि इथली समाजरचना पाहून त्यांनी तो आपल्या जातींना लावला. पुढे युरोपातल्या निसर्गअभ्यासकांनी तोच शब्द वारुळात नेला. 1859 च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये डार्विननेही मुंग्यांतल्या वेगवेगळ्या प्रकारांसाठी तो वापरला. म्हणजे माणसांच्या अन्यायाचे नाव मुंग्यांना चिकटवले गेले, आणि आता त्याच नावाकडे बोट दाखवून आम्हाला सांगितले जाते की जात मुंग्यांतही आहे! आपणच भिंतीवर लिहायचे आणि भिंतच बोलते आहे असे म्हणायचे, असा हा प्रकार.

नाव बाजूला ठेवून वर्तन पाहिले तर काय दिसते? मधमाशीच्या पोळ्यात राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या फलित अंड्यांतून जन्मतात. सुरुवातीचे काही दिवस सर्व अळ्यांना रॉयल जेली मिळते; जिला ती पुढेही भरपूर मिळत राहते ती राणी होते. फरक कुळीचा नसून खुराकाचा आहे. कामकरी माशीचे पहिले काम कोणते? पोळ्यातले कप्पे साफ करणे. ते करून ती अळ्यांना भरवते, मग मेण लावते आणि शेवटी मध गोळा करायला बाहेर पडते. काही माशा मेलेल्या माशा पोळ्याबाहेर नेऊन टाकतात, पण तेही काही दिवसांपुरतेच. त्यानंतर त्याही फुलांवर जातात.

हे वाचताना आम्हाला आमचे आजोबा आठवले. गावातली मेलेली गुरे ओढण्याचे काम त्यांच्याकडे होते, त्यांच्या बापाकडे होते आणि आमच्या वडिलांकडेही आले असते. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले म्हणून सुटले. कोणत्या पोळ्यात हे काम बापाकडून लेकाकडे जाते, ते आम्हाला दाखवावे.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. तिच्या पोळ्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणीला बाजूला काढले की कामकऱ्यांतलीच एक तिची जागा घेते.

आणि जातीचा गाभा कशात आहे? 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात तरुण बाबासाहेबांनी तो नेमका पकडला होता : जातीअंतर्गत विवाह. मुंग्यांत कामकऱ्यांचे लग्नच नाही, मग कामकऱ्यांची वेगळी वंशावळ येणार कुठून? सगळ्या राणीच्याच लेकी. अनेक प्रकारच्या मुंग्या तर पोटातले अन्न एकमेकींच्या तोंडात देतात. जिथे बेटीबंदी नाही आणि रोटीबंदी नाही, त्या वारुळाला जात म्हणता तरी कशी येईल?

मात्र मित्रहो, सावध राहा. पोळ्यातून समतेचा धडाही काढू नका. अन्नाची टंचाई आली की कामकरी माशा नरांना हाकलून मरायला सोडतात. समता आम्ही निसर्गाकडून उसनी घेतलेली नाही. ती माणसाने विचार करून ठरवलेली गोष्ट आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, कुत्री पीत होती. 20 मार्च 1927 पर्यंत आम्हाला ओंजळ भरता येत नव्हती. ती बंदी कोणत्या प्राण्याने घातली होती?

शास्त्रातले शब्द बदलता येतात, हेही लक्षात घ्या. अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये 'जिप्सी मॉथ' हे नाव रोमा समाजाचा अवमान करणारे म्हणून मागे घेतले आणि 2022 मध्ये त्या पतंगाला 'स्पाँजी मॉथ' हे नवे नाव दिले. मग मुंग्यांच्या 'कास्ट'वर प्रश्न कोण विचारणार? प्रयोगशाळेत बसलेला माणूसच तो विचारू शकतो. आपली मुले स्पर्धा परीक्षा, कायदा, समाजकार्य यांकडे वळतात, ते चांगलेच आहे. पण सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्चीही आपली आहे. ती रिकामी ठेवली तर आपल्याविषयीचे शब्द दुसरेच ठरवत राहतील.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले : गप्प बसू नकोस, आम्ही बसलो होतो. आधी मुंगीचा अभ्यास पूर्ण कर, मग वर्गात उभा राहा आणि विचार, "वारुळात बेटीबंदी कुठे आहे, दाखवा."

परवा तो सांगत होता, त्याने विचारले. वर्ग हसला नाही.

जय भीम!